काम आणि खेळ यांसाठी एकच पडदा : ओलेड मॉनिटरची निवड

संगणकावर उपजीविका करणारा मनुष्य दिवसाचे आठ-दहा तास ज्या एका वस्तूकडे पाहत असतो ती वस्तू म्हणजे मॉनिटरचा पडदा होय. तरीही संगणक विकत घेताना सर्वांत कमी विचार याच वस्तूचा केला जातो. प्रोसेसर कोणता, स्मृती किती, याची चौकशी बारकाईने होते. पडदा मात्र दुकानात जो अधिक उजळ दिसेल तो उचलला जातो. एक पडदा दुसऱ्यासारखाच होता तोवर या निष्काळजीपणाने फारसे बिघडत नसे. ओलेड पडदे मेजावर येऊ लागल्यापासून ही स्थिती पालटली आहे. हे पडदे महाग आहेत, त्यांचे गुण असाधारण आहेत आणि त्यांचा मुख्य दोष असा आहे की तो दुकानात दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी घरी दिसतो.

एकाच पडद्यावर काम आणि खेळ अशा दोन्ही गोष्टी करावयाच्या असतील तर निवड अधिकच अवघड होते, कारण या दोन गोष्टी पडद्याकडून परस्परविरुद्ध अपेक्षा करतात. काम स्थिर असते. हिशेबाचा तक्ता, पत्राचा मसुदा किंवा पुस्तकाचे पान तासन्‌तास एकाच जागी उभे राहते. पार्श्वभूमी बहुधा पांढरी असते आणि अक्षरे बारीक असतात. खेळ चंचल असतो. त्यातील दृश्य क्षणाक्षणाला बदलते, काळोखी भुयारे आणि झगझगते स्फोट एकाच चित्रात शेजारी शेजारी येतात आणि खेळणाऱ्याच्या बोटांना पडद्याने तत्काळ प्रतिसाद द्यावा लागतो. ओलेड पडदा दुसऱ्या प्रकारच्या मागणीसाठी जणू जन्मालाच आला आहे. पहिल्या प्रकारची मागणी त्याने कितपत आणि किती वर्षे पुरवावी, हाच खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर जाहिरातीतील आकड्यांत सापडत नाही. पडदा चालतो कसा, हे समजून घेतले तरच ते सापडते.

प्रकाशाचा उगम

ओलेड हा शब्द 'ऑरगॅनिक लाइट-एमिटिंग डायोड' या इंग्रजी शब्दसमूहाच्या आद्याक्षरांपासून बनला आहे. मराठीत त्याला प्रकाश देणारा कार्बनी डायोड असे म्हणता येईल. येथील 'ऑरगॅनिक' या शब्दाचा शेतातील सेंद्रिय खताशी काही संबंध नाही; ज्यांच्या रेणूंचा सांगाडा कार्बनच्या अणूंचा बनलेला आहे अशी संयुगे, एवढाच त्याचा अर्थ.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फेर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये तयार केलेल्या नळीपासून पडद्यांचा इतिहास सुरू होतो. या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतील लेपावर आदळे आणि लेप त्या जागी उजळे. विसाव्या शतकातील दूरचित्रवाणी संच आणि सुरुवातीचे संगणक याच तत्त्वावर चालले. पुढे तिची जागा द्रवस्फटिकांच्या सपाट पडद्याने घेतली. द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. पाठीमागे सतत तेवणाऱ्या दिव्याच्या प्रकाशाला वाट देणाऱ्या अथवा अडवणाऱ्या लक्षावधी झडपांसारखे त्यांचे काम असते. झडप पुरती मिटली तरी थोडा प्रकाश फटीतून झिरपतोच. म्हणून अशा पडद्यावरील काळा रंग अंधाऱ्या खोलीत राखाडी दिसतो.

ओलेडमध्ये दिवा आणि झडप असे दोन भाग उरत नाहीत. प्रत्येक चित्रबिंदू हाच एक स्वतंत्र दिवा असतो. दोन विद्युत्‌-अग्रांच्या मध्ये कार्बनी पदार्थांचे अतिशय पातळ थर बसवलेले असतात. एका बाजूने इलेक्ट्रॉन आत शिरतात. दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉन निघून गेल्यामुळे उरलेल्या रिकाम्या जागा पुढे सरकतात. या रिकाम्या जागांना पोकळ्या म्हणतात. इलेक्ट्रॉन आणि पोकळी यांची मधल्या थरात गाठ पडली की रेणू उत्तेजित होतो आणि पूर्वस्थितीला येताना प्रकाश सोडतो. प्रवाह थांबवला की प्रकाश थांबतो. अंधारासाठी काही झाकावे लागत नाही, दिवा विझवला की झाले.

कार्बनी पदार्थातून असा प्रकाश निघतो हे बऱ्याच आधीपासून ठाऊक होते. न्यूयॉर्क विद्यापीठातील मार्टिन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये अँथ्रासीनच्या स्फटिकांतून प्रकाश मिळवला होता. परंतु त्यासाठी शेकडो व्होल्टांचा दाब लागे. व्यवहारात उपयोगी पडेल असा डायोड अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी बनवला आणि त्याचा वृत्तांत १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. एकाऐवजी दोन थर वापरणे आणि ते कमालीचे पातळ ठेवणे, ही त्यांची मुख्य युक्ती होती. दोन्ही थरांची जाडी मिळून दीडशे नॅनोमीटरपेक्षा कमी होती आणि दहा व्होल्टांहूनही कमी दाबावर तो डायोड लख्ख उजळला. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पातळपणाची कल्पना येईल.

यानंतरचा प्रवास सावकाश झाला. १९९७ मध्ये मोटारीतील ध्वनियंत्राची छोटी पट्टी, २००७ मध्ये सोनीचा केवळ ११ इंची दूरचित्रवाणी संच, २०१३ मध्ये ५५ इंची संच असे टप्पे गाठत हे तंत्र पुढे सरकले. भ्रमणध्वनींच्या पडद्यांवर तर ते लवकरच रुळले. खेळ आणि काम या दोन्हींसाठी सर्वसाधारण ग्राहकाला घेता येतील असे ओलेड मॉनिटर मात्र प्रामुख्याने २०२२ पासून बाजारात आले. मेजावर पोचायला या पडद्याला एवढा काळ लागला, यामागे कारण होते. दिवाणखान्यातील संचापेक्षा मेजावरच्या पडद्याची परीक्षा अधिक कठोर असते. तो हातभर अंतरावरून पाहिला जातो आणि त्यावरील चित्र तासन्‌तास हलत नाही.

काळा रंग आणि खोलीतील उजेड

साध्या द्रवस्फटिक पडद्यावर सर्वांत उजळ पांढरा हा सर्वांत गडद काळ्याच्या सुमारे एक हजार पट तेजस्वी असतो; काही जातींत हे प्रमाण तीन हजारांवर जाते. ओलेडमध्ये विझलेला बिंदू प्रकाशच देत नसल्याने अशा गुणोत्तराला फारसा अर्थ उरत नाही. रात्रीचे आकाश काळे राहते आणि त्यातील एकेक तारा आपल्या जागी टोकदार दिसतो.

या बाबतीत ओलेडशी स्पर्धा करणारे द्रवस्फटिक पडदेही आहेत. त्यांच्या पाठीमागील दिव्याचे शेकडो लहान भाग पाडलेले असतात आणि चित्राच्या गरजेनुसार प्रत्येक भाग मंद वा प्रखर होतो. परंतु हिशेब केला तर मर्यादा स्पष्ट होते. ३८४० गुणिले २१६० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे ८३ लाख बिंदू असतात. दिव्याचे ११५२ भाग पाडले तरी एका भागाच्या वाट्याला सुमारे ७,२०० बिंदू येतात. त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवरील एका ताऱ्यासाठी आजूबाजूचा सारा भाग उजळतो आणि ताऱ्याभोवती धूसर वलय दिसते.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पडद्याचे तेज दर चौरस मीटरला किती कँडेला यावर मोजतात. या मापाला व्यवहारात 'निट' म्हणतात. ओलेड मॉनिटरच्या वेष्टनावर एक हजार निट असा आकडा छापलेला आढळतो. तो खरा असतो. पण पडद्याचा अगदी लहानसा, शेकडा दोन-तीन एवढाच भाग उजळलेला असतानाचा तो आकडा असतो. सगळा पडदा पांढरा झाला की वीज आणि उष्णता यांचा भार आवरण्यासाठी मॉनिटर आपणहून तेज कमी करतो आणि अनेक मॉनिटरांत ते सुमारे २५० निटांवर येते. खेळात क्वचितच सगळा पडदा पांढरा होतो. कामात मात्र पांढरे पान हीच नित्याची स्थिती. पडदे ओढलेल्या किंवा मध्यम उजेडाच्या खोलीत १०० ते १५० निट पुरेसे होतात. म्हणून बहुतेकांना ही मर्यादा जाणवत नाही. परंतु भारतीय घरांत मेज पुष्कळदा खिडकीलगत असते आणि दुपारचे ऊन थेट पडद्यावर येते. अशा जागी ओलेड पडदा घेण्यापूर्वी मेजाची दिशा बदलता येईल का, हे आधी पाहावे.

येथेच ओलेडच्या दोन प्रमुख जातींतील भेद लक्षात घ्यावा लागतो. पहिल्या जातीत कार्बनी थर पांढरा प्रकाश देतात आणि त्यावर लाल, हिरव्या व निळ्या रंगांच्या गाळण्या असतात. तेज वाढवण्यासाठी गाळणीविना एक पांढरा उपबिंदूही ठेवलेला असतो. दुसऱ्या जातीत कार्बनी थरांचा प्रकाश निळा असतो आणि क्वांटम ठिपके नावाचे अतिसूक्ष्म कण त्यातील काहीचे लाल व हिरव्या प्रकाशात रूपांतर करतात. याच कणांच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मौंगी बावेंडी, लुईस ब्रुस आणि अलेक्सेई येकिमोव्ह यांना मिळाले. या दुसऱ्या जातीचे रंग तेजस्वी अवस्थेतही भरदार राहतात. मात्र तिच्यात बाहेरचा प्रकाश शोषणारा ध्रुवणकारी पापुद्रा नसल्याने उजेडाच्या खोलीत तिचा काळा रंग किंचित जांभळट-राखाडी भासतो. दिवसा उजेडात काम करणाऱ्याला पहिली जात आणि रात्री दिवे मंद करून खेळणाऱ्याला दुसरी जात अधिक मानवते, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

गती

पडद्यावरील हालचाल हा एक आभास आहे; प्रत्यक्षात स्थिर चित्रे एकामागून एक दाखवली जातात. दर सेकंदाला ती किती वेळा बदलतात हे हर्ट्‌झमध्ये सांगतात. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. २४० हर्ट्‌झच्या पडद्यावर सुमारे ४.२ मिलिसेकंद.

एखादी वस्तू २५६० बिंदूंच्या रुंदीचा पडदा एका सेकंदात ओलांडत आहे असे मानू. ६० हर्ट्‌झवर ती प्रत्येक चित्रात सुमारे ४३ बिंदूंची उडी घेते. २४० हर्ट्‌झवर ही उडी अकरा बिंदूंहूनही लहान होते. डोळा मात्र वस्तूच्या मागोमाग अखंड सरकत असतो. चित्र जेवढा वेळ एका जागी थबकते तेवढी वस्तूची कड डोळ्याला फरपटलेली दिसते. म्हणून गती वाढली की वस्तू स्पष्ट होते.

परंतु नुसते चित्र लवकर बदलून भागत नाही. बिंदूनेही आपला रंग तितक्याच लवकर बदलला पाहिजे. द्रवस्फटिकांचे रेणू वळायला काही मिलिसेकंद घेतात, त्यामुळे आधीच्या चित्राची सावली पुढच्या चित्रात रेंगाळते. ओलेडमध्ये रेणूंना वळावे लागत नाही. प्रवाह बदलताच प्रकाश बदलतो आणि हा बदल मिलिसेकंदाच्या अल्पांशात पुरा होतो. यामुळेच समान हर्ट्‌झच्या दोन पडद्यांत ओलेडवरील हालचाल निश्चितपणे अधिक स्वच्छ दिसते.

तथापि गतीचा आकडा जेवढा मोठा तेवढा पडदा उत्तम, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दर सेकंदाला २४० चित्रे दाखवणारा पडदा घेतला, पण संगणकातील चित्र घडवणारे कार्ड ७०च चित्रे घडवू शकत असेल, तर उरलेली क्षमता पैसे देऊन निकामी ठेवल्यासारखी होते. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स ही खेळयंत्रे तर १२० हर्ट्‌झच्या पलीकडे जातच नाहीत. शिवाय पत्रलेखन आणि हिशेब करणाऱ्याला १२० हर्ट्‌झच्या पुढे फरक जाणवणे कठीण. आणखी एक सूक्ष्म गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. कार्डाच्या गतीनुसार पडद्याची गती कमीजास्त करण्याची सोय हल्ली सर्वत्र असते. ती चालू असताना चित्रांची संख्या एकाएकी घसरली तर ओलेड पडद्यावरील अंधारी दृश्ये फडफडल्यासारखी दिसतात. हा बिघाड नव्हे. खेळातील चित्रसंख्येला वरची मर्यादा घालून ती स्थिर राखली की त्रास बराच कमी होतो.

अक्षरांच्या कडा

काम करणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आणि विक्रेत्याकडून सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट अक्षरांची आहे. प्रत्येक चित्रबिंदू हा रंगीत उपबिंदूंचा समूह असतो. सामान्य द्रवस्फटिक पडद्यात लाल, हिरवा, निळा अशा तीन उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी संगणकीय योजना हीच मांडणी गृहीत धरते. ओलेडमध्ये मांडणी पुष्कळदा वेगळी असते. पांढऱ्या प्रकाशाच्या जातीत चौथा उपबिंदू मध्ये येतो. क्वांटम ठिपक्यांच्या जातीत हिरवा उपबिंदू वर आणि लाल व निळा खाली, अशी त्रिकोणी रचना आढळते. गृहीत आणि वस्तुस्थिती यांत असा फरक पडला की अक्षरांच्या कडांना रंगाची बारीक किनार दिसू लागते.

देवनागरी वाचणाऱ्याला हा दोष रोमन लिपी वाचणाऱ्याहून निराळ्या प्रकारे भेटतो. त्रिकोणी रचनेत किनार मुख्यतः आडव्या रेषांच्या वर आणि खाली उमटते. एक कड हिरवट, तर दुसरी जांभळट-गुलाबी. रोमन लिपीत लांब आडव्या रेषा थोड्या. देवनागरीत मात्र प्रत्येक शब्दाच्या माथ्यावर शिरोरेषा असते, म्हणजे पानातील प्रत्येक ओळीवर हा दोष एका सरळ रेषेत मांडलेला असतो. उलट चार उपबिंदूंच्या जातीत किनार उभ्या रेषांना लागते. तेथे काना आणि दंड यांची परीक्षा होते. मराठी, हिंदी, संस्कृत वा नेपाळी मजकुराची अक्षरजुळणी करणाऱ्याने इंग्रजी मजकूर पाहून दिलेले अभिप्राय जसेच्या तसे स्वीकारू नयेत, ते यासाठीच.

यावर खरा उपाय म्हणजे बिंदू दाट असणे. २७ इंची पडद्यावर २५६० गुणिले १४४० बिंदू असतील तर दर इंचास सुमारे १०९ बिंदू येतात. ३४ इंची रुंद पडद्यावर ३४४० गुणिले १४४० असले तर सुमारे ११०. या घनतेवर किनार लक्षपूर्वक पाहणाऱ्याला दिसते. ३२ इंची पडद्यावर ३८४० गुणिले २१६० बिंदू असल्यास घनता १४० च्या आसपास जाते आणि २७ इंचीवर तेवढेच बिंदू असल्यास १६० च्या पुढे. या घनतेला किनार इतकी बारीक होते की नेहमीच्या अंतरावरून बहुतेकांना ती जाणवत नाही. दिवसभर वाचन-लेखन करणाऱ्याने हर्ट्‌झचे वाढीव आकडे सोडून ही घनता पदरात पाडून घ्यावी.

ठसा

आता मुख्य दोषाकडे वळावयास हवे. कार्बनी रेणू प्रकाश देता देता झिजतात. हे झिजणे सर्वत्र सारखे झाले असते तर पडदा हळूहळू थोडा मंद झाला असता, इतकेच. परंतु पडद्याच्या तळाशी असलेली कार्यक्रमांची पट्टी किंवा खेळाच्या कोपऱ्यातील नकाशा रोज त्याच जागी दिसतो, आणि तेथील बिंदू शेजाऱ्यांपेक्षा वेगळ्या प्रमाणात झिजतात. मग चित्र बदलले तरी जुन्या आकृतीची फिकट छाया मागे राहते. यालाच ठसा उमटणे म्हणतात. ठसा म्हणजे पडद्यावर काही साचणे नव्हे, काही संपणे होय. म्हणून तो पुसता येत नाही.

झिजण्यात निळा रंग आघाडीवर असतो. निळ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर लाल प्रकाशाच्या कणाची सुमारे २ असते. एवढी ऊर्जा सतत हाताळताना रेणूंमधील बंध तुटण्याचा संभव वाढतो. तेज वाढवले की झीज त्याहून वेगाने वाढते. उलट तेज निम्मे केले तर आयुष्य दुपटीहून अधिक होते. या एका नियमात बचावाचे बहुतेक उपाय सामावलेले आहेत.

हिशेब करून पाहावा. दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर तीच पट्टी वर्षाला २,४०० तास त्याच जागी उजळत राहते. संध्याकाळी दोन तास खेळणाऱ्याचे वर्षाचे ६०० तास होतात आणि त्यातही चित्र बहुतांशी हलते असते. ओलेड मॉनिटरला धोका खेळापेक्षा कामापासून अधिक आहे, हे यावरून उघड होते.

म्हणून काम करणाऱ्याने काही सवयी लावून घ्याव्यात. तेज गरजेपुरतेच ठेवावे. तळाची पट्टी आपोआप लपेल अशी योजना करावी. पार्श्वभूमी काळी किंवा बदलती असावी. जेथे डोळ्यांना सोसते तेथे काळ्या पानावर फिकी अक्षरे घ्यावीत. चहाला उठताना पडदा विझेल अशी पाच-दहा मिनिटांची मुदत घालावी. निरनिराळ्या कार्यक्रमांच्या खिडक्या रोज काटेकोरपणे त्याच जागी मांडू नयेत.

याखेरीज मॉनिटर स्वतःही आपली काळजी घेत असतो. काही तासांच्या वापरानंतर, बहुधा चार तासांनी, तो बिंदूंची झीज अजमावून प्रवाहाची भरपाई करतो. ही क्रिया पडदा विझलेला पण वीज चालू असताना होते. आपल्याकडे संगणक बंद केल्यावर भिंतीवरचे बटणही बंद करण्याची चांगली सवय अनेक घरांत असते. ओलेड मॉनिटरच्या बाबतीत ती अपायकारक ठरते. कारण रोज रात्री वीज तोडल्याने भरपाईची क्रिया कधी पुरीच होत नाही. पडदा बंद केल्यानंतर निदान पंधरा-वीस मिनिटे वीज चालू राहू द्यावी. जेथे वीज वारंवार जाते तेथे मॉनिटरही अखंड वीज पुरवणाऱ्या यंत्राला जोडावा.

एवढे करूनही ठसा कधीच उमटणार नाही अशी खात्री देता येत नाही. म्हणून हमीपत्र वाचणे आवश्यक आहे. काही उत्पादक तीन वर्षांच्या हमीत ठशाचा स्पष्ट समावेश करतात. काही त्याबाबत मौन पाळतात. परदेशातील हमी भारतात लागू होईलच असे नाही. ठशाचा उल्लेख भारतातील हमीपत्रात लेखी नसेल तर विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

जुळणी

पडदा एकटा चालत नाही. त्याला चित्र पुरवणारे कार्ड आणि ते वाहून नेणारी तार तितक्याच समर्थ लागतात. ३८४० गुणिले २१६० बिंदूंचे चित्र सेकंदाला २४० वेळा पाठवायचे आणि प्रत्येक बिंदूसाठी ३० द्विमान अंक द्यायचे, तर सेकंदाला सुमारे ६० अब्ज अंक वाहावे लागतात. एचडीएमआय २.१ या जोडणीची कमाल वाहकता ४८ अब्ज आणि डिस्प्लेपोर्ट १.४ ची ३२.४ अब्ज आहे. म्हणून अशा जोडण्यांवर चित्र आधी संकुचित करून पाठवले जाते. डोळ्याला त्यातील फरक सहसा कळत नाही. पण जुने कार्ड किंवा जुनी तार असल्यास पडदा पूर्ण गतीने चालणार नाही. ३८४० च्या चित्रात १९२० गुणिले १०८० च्या चौपट बिंदू असतात, म्हणजे कार्डावरील भारही त्याच प्रमाणात वाढतो. मांडीवरचा संगणक जोडून काम करणाऱ्याने यूएसबी-सी जोडणी आहे का आणि तिच्यातून संगणकाला पुरेशी वीज मिळते का, हेही पाहावे.

चित्रे किंवा छपाईची पाने तयार करणाऱ्याने रंगांचाही विचार करावा. ओलेडचे रंगक्षेत्र विस्तृत असते. नियंत्रण न ठेवल्यास साधी छायाचित्रेही त्यावर अवाजवी भडक दिसतात. रंग एसआरजीबी मानकापुरते आवरणारी व्यवस्था मॉनिटरमध्ये असावी आणि ती वापरताना तेज बदलण्याची मुभाही असावी.

निवड

या साऱ्या विवेचनाचा उपयोग तीन निरनिराळ्या ग्राहकांच्या उदाहरणांवरून दिसेल.

दिवसभर जमाखर्च लिहिणारा आणि रविवारी तास-दोन तास खेळणारा मनुष्य ओलेडसाठी योग्य ग्राहक नव्हे. त्याचा पडदा बहुतांश वेळ पांढरा आणि निश्चल असणार. चांगला द्रवस्फटिक पडदा त्याला निम्म्याहून कमी पैशांत अधिक वर्षे निर्धास्त सेवा देईल. न घेण्याचा सल्ला हाही निवडीचाच भाग आहे.

दिवसा चलच्चित्रांचे संपादन किंवा आज्ञावली लिहिण्याचे काम करणारा आणि रोज संध्याकाळी खेळणारा मनुष्य सीमारेषेवर आहे. त्याने ३२ इंची, ३८४० गुणिले २१६० बिंदूंचा ओलेड पाहावा, वर सांगितलेल्या सवयी पाळण्याची तयारी ठेवावी आणि ठशाची लेखी हमी असल्याखेरीज पैसे देऊ नयेत. त्याच्या मेजावर जागा असेल तर आणखी शहाणपणाचा मार्ग म्हणजे जुना द्रवस्फटिक पडदा टाकून न देता शेजारी ठेवणे. पत्रे, तक्ते आणि निश्चल मजकूर जुन्यावर; चित्र आणि खेळ नव्यावर. अशा वाटणीने ओलेडचे आयुष्य जितके वाढते तितके दुसऱ्या कोणत्याही उपायाने वाढत नाही.

मुख्यतः खेळासाठीच पडदा घेणाऱ्या आणि अधूनमधून अभ्यासाचे लेखन करणाऱ्या विद्यार्थ्याला २७ इंची, २५६० गुणिले १४४० बिंदूंचा, २४० हर्ट्‌झचा ओलेड पुरेसा आहे. कार्डावर त्याचा भार बेताचा पडतो आणि किंमतही तुलनेने आवाक्यात राहते. त्याने फक्त एकच खेळ वर्षभर रोज खेळण्याचा मोह टाळावा किंवा खेळातील स्थिर खुणा फिक्या कराव्यात.

दुकानात गेल्यावर विक्रेता बहुधा काळ्या पार्श्वभूमीवर फुटणारे रंगीत कारंजे दाखवील. त्या चित्रावर कोणताही ओलेड पडदा सुंदरच दिसतो. त्यातून काहीच कळत नाही. ग्राहकाने रोजच्या कामातील मजकुराचे एक पान सोबत न्यावे, ते पांढऱ्या पार्श्वभूमीवर उघडावे, दुकानातील दिवे लागलेले असू द्यावेत आणि घरी बसतो तेवढ्या अंतरावर बसून दहा मिनिटे शांतपणे वाचावे. शिरोरेषा स्वच्छ दिसते का, डोळे ताणावे लागतात का, पान मळकट वाटते का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला तेथेच मिळतील. चौथा प्रश्न मात्र दुकानात सुटणारा नाही. या पडद्यासमोर दिवसातील किती तास निश्चल पानापुढे जाणार आहेत, हे त्याने घरीच प्रामाणिकपणे मोजून आलेले असावे.